माती संशोधनात करिअर करायचं असेल तर – कृष्णाकाठच्या रानातून

कृष्णाकाठ

गेल्या महिन्यात भाचीचा फोन आला. बारावीचा निकाल लागलाय, घरात सगळे कॉम्प्युटरच्या मागे लागलेत आणि ही म्हणते, "मावशी, तू करतेस ते मला करायचंय. पण तू नक्की करतेस काय?" वीस मिनिटं बोलले. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, निम्मं सांगायचं राहूनच गेलं. म्हणून इथे सविस्तर लिहिते. तिच्यासारखी आणखी कुणी पोरं असतील तर त्यांनाही उपयोग होईल.

मी मृदाशास्त्रात एम.एस्सी. आणि पीएच.डी. केली. १९ वर्षं झाली, क्षारपड जमिनींवर काम करते. माहेर वाळवा तालुक्यातलं. आमच्या चार एकरांतलं दीड एकर माझ्या डोळ्यांदेखत पांढरं पडलं. आजोबांच्या वेळी तिथे शाळू आणि खपली व्हायची. मग नदीवरून पाइपलाइन आली, ऊस आला. पहिली काही वर्षं असं टनेज निघालं की घरावर स्लॅब पडला. नंतर रानाच्या खालच्या कडेचा ऊस पिवळा दिसायला लागला. फेब्रुवारीत सकाळी सकाळी वरंब्यावर मीठ फुललेलं असायचं. बोटाला लावून जिभेवर ठेवलं तर खारट-कडू लागायचं. आजी म्हणायची, रानाला कुणाची तरी नजर लागली. ते मीठ पाण्याबरोबर आम्हीच ओढून आणत होतो, हे मला एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला कळलं.

हिशेब अगदी साधा आहे. पाण्याची विद्युत वाहकता ०.५ डेसीसायमन प्रति मीटर धरा. म्हणजे चांगलंच पाणी. त्यात लिटरला साधारण ३२० मिलिग्रॅम क्षार विरघळलेले असतात. उसाला पाटानं वर्षाला २,५०० मिलिमीटर पाणी दिलं तर एकरी एक कोटी लिटर होतं. म्हणजे एकरात दर वर्षी तीन टनांहून जास्त क्षार आले. निचरा असेल तर ते पाण्याबरोबर खाली निघून जातात. आपल्या भारी काळ्या रानात ते जायला वाटच नसते. पाण्याची पातळी वर येते, दीड मीटरच्या आत आली की बारीक छिद्रांतून पाणी वर चढतं, उन्हानं उडून जातं आणि क्षार तिथेच राहतात. चांगलं पाणी देणारा शेतकरीही असा फसतो.

आता कामाविषयी. लोकांना वाटतं, माती संशोधन म्हणजे पांढरा कोट आणि काचेची भांडी. तेही आहे, पण त्याच्या आधी खड्डा आहे. दीड मीटर खोल, माणूस आत उभा राहून भिंत वाचू शकेल एवढा रुंद. खड्डा खणताना एक भिंत उन्हाकडे ठेवायची, तिच्यावर फावडं लागू द्यायचं नाही. मग सुरीच्या टोकानं ती वरून खाली हलके उकरत यायचं, म्हणजे मातीचे थर आपोआप वेगळे होतात. मागच्या उन्हाळ्यात मिरज तालुक्यातल्या एका रानातला खड्डा सांगते. वरची वीत-दीड वीत माती मोकळी, मुळ्यांनी भरलेली. तिच्याखाली ट्रॅक्टरनं दाबून झालेला घट्ट थर, त्यात मुळ्या आडव्या पळालेल्या. तीन फुटांच्या खाली ढेकळं फोडली की आरशासारखे चकचकीत, घासलेले तिरके पृष्ठभाग. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, तेव्हा ढेकळं एकमेकांवर घासतात, त्याची ही खूण. त्याच थरात हरभऱ्याएवढे चुनखडीचे खडे. वर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला की चर्र करून फेस येतो. आणि ११० सेंटिमीटरवर भिंतीतून पाणी पाझरायला लागलं. शेतकरी काठावर उभा होता. तो म्हणाला, "बाई, मी तर वरनं आणखी पाणी देत होतो." हे त्याला कागदावर दहा वेळा सांगून पटलं नसतं.

आता माझी चूक सांगते, कारण नवीन मुलं हीच चूक करतात. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका शेतकऱ्याच्या रानाचा सामू (पीएच) ८.९ आला, सोडियम जास्त. पुस्तकाप्रमाणे जमीन चोपण. मी जिप्समची मात्रा काढून दिली. त्यांनी उसने पैसे घेऊन एकरी दोन टन जिप्सम टाकलं. दुसऱ्या वर्षी रान होतं तसंच. जिप्सममधलं कॅल्शियम मातीच्या कणावरच्या सोडियमला हुसकावतं, हे खरं. पण हुसकावलेला सोडियम धुऊन बाहेर गेला पाहिजे. त्या रानात निचऱ्याला चरच नव्हता आणि मी बांधावर जाऊन बघितलंच नव्हतं. नमुना पिशवीतून आला होता, सल्ला कागदावरून गेला. त्या घरी मी पुन्हा गेले तेव्हा त्यांच्या आईनं मला चहा दिला, एक शब्द बोलल्या नाहीत. त्या दिवसापासून रान पाहिल्याशिवाय मी सल्ला देत नाही.

आपल्या भागात हा प्रश्न नवा नाही, हेही भाचीला सांगायचं होतं. नीरा डावा कालवा १८८५ मध्ये सुरू झाला आणि पंचवीसच वर्षांत, १९१० साली, हॅरोल्ड मान आणि तम्हाणे या कृषिशास्त्रज्ञांनी नीरा खोऱ्यातल्या खाऱ्या जमिनींवर अहवाल लिहिला होता. पुढे फलटण तालुक्यातल्या पाडेगावला १९३२ मध्ये ऊस संशोधन केंद्र निघालं. तिथे बसू आणि सिरूर यांनी कालव्याखालच्या मातीचे प्रकार थरांवरून ठरवले. १९३८ मध्ये तो अभ्यास छापून आला. आपल्या सातारा जिल्ह्याच्या एका कोपऱ्यात, वीज-मोटारी फारशा नसताना, माणसं खड्ड्यात उतरून माती वाचत होती. मला पाडेगावच्या रस्त्यानं जाताना दर वेळी ते आठवतं.

शिक्षणाची वाट थोडक्यात. बी.एस्सी. कृषी चार वर्षं, मग एम.एस्सी. मृदाशास्त्र दोन वर्षं. आपल्याला राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ आणि त्याखालची पुणे, कोल्हापूरची महाविद्यालयं जवळ. पुढे नेट, पीएच.डी., आणि राष्ट्रीय संस्थांत शास्त्रज्ञ व्हायचं तर कृषी शास्त्रज्ञ भरती मंडळाची परीक्षा. नागपूरला मृदा सर्वेक्षणाची संस्था आहे, कर्नालला क्षारपड जमिनींची, भोपाळला मृदाविज्ञानाची. नेमणूक कुठेही होऊ शकते, घरच्यांची तयारी आधी करून ठेवा. प्रश्न असतील तर विचारा.

---

तासगावची_स्वाती

ताई, लेख दोनदा वाचला. मी बी.एस्सी. रसायनशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला आहे, कृषीची नाही. मला पर्यावरणाच्या बाजूनं मातीत काम करायचंय. माझी वाट बंद झाली का?

---

कृष्णाकाठ

स्वाती, अजिबात नाही. शिवाजी विद्यापीठात पर्यावरणशास्त्राचं एम.एस्सी. आहे. गेट या प्रवेश परीक्षेत २०२१ पासून पर्यावरणाचा स्वतंत्र पेपर आहे, तो दे. यूजीसी नेटही याच विषयात देता येते. फेलोशिप मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि घरभाडं मिळतं, घरी पैसे मागावे लागत नाहीत. कृषीवाल्यांपुढे तू एका बाबतीत मागे असशील, पीक आणि शेतकरी. आणि एका बाबतीत पुढे, रसायन. मातीतले जड धातू, साखर कारखान्याच्या मळीचं सांडपाणी, कीटकनाशकांचे अंश, सेंद्रिय कर्बाचं विघटन, हे सगळं तुझ्या हातचं आहे.

एक छोटी गोष्ट सांगते, प्रयोगशाळेत गेलीस की आठवेल. सेंद्रिय कर्ब काढायची वॉकली-ब्लॅक पद्धत १९३४ पासूनची आहे. ग्रॅमभर मातीत पोटॅशियम डायक्रोमेट, वर तीव्र सल्फ्युरिक आम्ल. फ्लास्क हाताला पोळतो. अर्धा तास ठेवायचा, मग टायट्रेशन. जांभळट निळा रंग एका थेंबानं हिरवा होतो आणि तो थेंब चुकला की आकडा चुकला. पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. उरलेल्या द्रवात क्रोमियम असतं आणि मी पाहिलेल्या एका प्रयोगशाळेत तो सरळ मोरीत ओतायचे. मातीचं आरोग्य तपासायचं आणि तेच क्रोमियम ओढ्याला सोडायचं! पर्यावरणशास्त्राची माणसं या क्षेत्रात यायलाच हवीत, ती यासाठीही.

---

क्षेत्रभेट

ताई, तुमच्याविषयी आदर आहेच, पण पोरांना दुसरी बाजूही कळू द्या. मी पर्यावरण सल्लागार कंपन्यांत १२ वर्षं माती आणि भूवापराचं काम पाहतो. प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी घ्यायची तर २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे आघात मूल्यांकन करावं लागतं, त्यात मृदसंधारणाचा तज्ज्ञ लागतो. त्यामुळे काम आहे, पगारही विद्यापीठातल्या कंत्राटी जागांपेक्षा बरा. पण मी सुरुवातीला ज्या कंपनीत होतो तिथे मातीचा विभाग जुन्या अहवालातून उचलून चिकटवायचे. सातारच्या प्रकल्पाच्या अहवालात कोकणातली जांभी माती आली होती. मी तक्रार केली तर मला दुसऱ्या विभागात टाकलं. सहा महिन्यांनी मी राजीनामा दिला.

आता जिथे आहे तिथे नमुने मी स्वतः काढतो, अक्षांश-रेखांशासकट फोटो लावतो. पोरांनो, पहिल्या नोकरीत पगाराआधी हे विचारा की रानात जायला गाडी आणि दिवस देतात का. जिथे देत नाहीत तिथे तुम्ही मातीचे तज्ज्ञ होणार नाही, टायपिस्ट व्हाल.

---

कृष्णाकाठ

दादा, बरं झालं लिहिलंत. सरकारी बाजूलाही हे आहेच. मृदा आरोग्य पत्रिका २०१५ मध्ये आल्या, बारा घटक तपासायचे, कल्पना उत्तम. पण बागायतीत अडीच हेक्टरच्या चौकोनाला एक नमुना घेतात. त्यात पाच शेतकऱ्यांची रानं येतात आणि पाचही जणांना तोच आकडा जातो. एकाचं रान नदीच्या मळीचं, दुसऱ्याचं चोपण. शेतकरी पत्रिका बघतो, आपलं रान बघतो आणि कागद पत्र्याच्या पेटीत टाकतो. तो चुकत नाही. कंत्राटी जागांबाबतही तुमचं खरं आहे. मी स्वतः सहा वर्षं अकरा-अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर काढली. त्या काळात लग्न, बाळंतपण, सगळं झालं आणि दोनदा वाटलं की सोडून शिक्षिकेची नोकरी धरावी.

---

हरिपूरकर

मी शास्त्रज्ञ नाही, हळदीच्या व्यापारातला माणूस, आता निवृत्त. पण मातीची गोष्ट निघालीय तर लिहितो. आमच्या हरिपूरला हळद साठवायची पेवं होती. जमिनीत खोल खणलेली, तोंड माणूस उतरेल एवढं, आत पोट रुंद. दगड-विटांचं बांधकाम नाही, निव्वळ माती, आणि तरी ढासळत नसे, पाणी झिरपत नसे, हळदीला कीड लागत नसे. अशी माती सगळीकडे नाही, म्हणून पेवं इथेच झाली. पेव उघडलं की लगेच कुणी उतरायचं नाही. तोंड मोकळं ठेवायचं, कंदील दोरीनं खाली सोडायचा, तो विझला नाही तरच हमाल उतरणार. २००५ च्या पुरात पाणी पेवांत शिरलं आणि हळद सडली. तो वास अजून नाकात आहे. पोतीच्या पोती बाहेर काढताना माणसं रडत होती.

ताई, माझा प्रश्न असा की त्या मातीत असं काय होतं, याचा कुणी नीट अभ्यास करावा असं तुम्हाला वाटत नाही का? पेवं बुजत चालली. आमच्यानंतर कोण सांगणार?

---

कृष्णाकाठ

काका, मनापासून वाटतं. एवढ्या खोल उभ्या भिंती बिनआधार राहतात म्हणजे चिकणमातीचं प्रमाण, तिचा प्रकार, घट्टपणा आणि तिथली पाण्याची पातळी या चारही गोष्टी जुळून आलेल्या असणार. फुगणारी-आकसणारी काळी माती असती तर भिंतींना भेगा पडून पेव कोसळलं असतं, त्यामुळे तिथला थर वेगळा असला पाहिजे. एखादं शाबूत पेव असेल तर त्याच्या भिंतीचा दर फुटाला एक नमुना घेता येईल. एम.एस्सी.च्या प्रबंधाला याहून चांगला विषय मला सुचत नाही. स्वाती, वाचते आहेस ना? तासगावहून हरिपूर किती लांब!

---

तासगावची_स्वाती

वाचतेय ताई. आमच्या सरांना विचारते. काका, तुम्ही पेव दाखवाल का?

---

हरिपूरकर

ये पोरी. संगमावर येऊन कुणालाही विचार, मी तिथेच असतो संध्याकाळी. फक्त पावसाच्या आत ये.

---

माणदेशी_मुरूम

सांगलीकरांना पाणी जास्त झालं म्हणून त्रास, आमच्याकडे मातीच नाही. मी दहिवडीचा, पाणलोटाच्या कामात आहे. एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला ६,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि आमच्या माणात ५०० च्या आसपास. तिकडे लाल जांभी माती, आम्लधर्मी, पावसानं धुऊन निघालेली. इकडे वीतभर माती आणि खाली मुरूम, त्याच्याखाली कातळ. मधल्या कराडच्या पट्ट्यात कृष्णा-कोयनेची काळी. मातीचं शास्त्र शिकायला एवढी विविधता एसटीच्या एका दिवसाच्या प्रवासात मिळते. परदेशी जायची गरज नाही.

माझं म्हणणं एवढंच की करिअर म्हणताना सगळे क्षारपड आणि उसाकडे बघतात. आमच्या डोंगरउतारावरनं पहिल्याच वळवात जी लाल-तपकिरी गढूळ धार ओढ्याला जाते, ती बघा. बांधाच्या वरच्या बाजूला साचलेली माती हातभर खोल असते आणि उतारावर पाय ठेवला तर मुरूम वाजतो. हे मोजणारं माणूस आम्हाला मिळत नाही. मिळालं तर वर्षभर राहत नाही.

---

कृष्णाकाठ

अगदी खरं. आणि आता टेंभू, म्हैसाळ या उपसा योजनांचं पाणी आटपाडी, जत, कवठेमहांकाळकडे जातंय, ही फार मोठी गोष्ट आहे, त्या लोकांनी पिढ्यान्पिढ्या वाट पाहिली. पण तिथेही जिथे भारी जमीन आहे तिथे आत्ताच, पाणी येतानाच, पाणीपातळी मोजायच्या नळ्या बसवायला हव्यात. वाळव्यात आम्ही मीठ दिसल्यावर जागे झालो. तिकडे तरी आधी मोजू या. पुढची दहा वर्षं या एकाच कामाला पाच-पंचवीस पोरं लागतील.

---

सरी_वरंबा

ताई नमस्कार. मी शेतकरी, गाव मिरज तालुक्यातलं वारणेच्या बाजूचं. पोरगा हा धागा वाचून दाखवत होता. आमच्यात पण खालचा अर्धा एकर असाच झालाय बगा. ऊस गुडघ्याच्या वर जात न्हाई, पानाची टोकं करपत्यात. दुकानदार म्हणतो जिप्सम टाक. तुमचं वाचून थांबलोय. माती कुठं द्यायची आणि कशी काढायची ते सांगा.

---

कृष्णाकाठ

दादा, थांबलात ते फार चांगलं केलंत. अजून पैसे घालू नका.

कसबे डिग्रजला कृषी विद्यापीठाचं संशोधन केंद्र आहे, भूमिगत निचऱ्यावर तिथे काम झालंय, तुम्हाला जवळ पडेल. नमुना काढताना चांगल्या रानाचा आणि खराब रानाचा एकत्र करायचा नाही, दोन वेगळे. बांधाजवळचा, झाडाखालचा, उकिरड्याशेजारचा घ्यायचा नाही. एरवी वीतभर खोलीचा नमुना पुरतो, तुमच्या खराब तुकड्यात मात्र एक फूट, दोन फूट, तीन फूट असे थराप्रमाणे वेगळे घ्या. पाच-सहा जागची त्याच थराची माती घमेल्यात मिसळायची, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकायचे, पुन्हा चार भाग, असं अर्धा किलो उरेपर्यंत. सावलीत वाळवा. युरियाच्या किंवा खताच्या पोत्यात अजिबात भरू नका, धुतलेली कापडी पिशवी घ्या. पिशवीत चिठ्ठी, त्यावर गट नंबर आणि खोली.

आणि त्याआधी एक खड्डा घ्या. खराब तुकड्याच्या मधोमध, चार फूट. पाणी कुठे लागतंय ते बघा. आठवडाभर आधी रानाला पाणी दिलेलं नसावं. आणखी एक विचारते, रानाचं पाणी बाहेर काढायचं झालं तर ओढा किती लांब आणि मध्ये किती जणांची रानं?

---

सरी_वरंबा

ओढा चारशे फूट. मधी तिघांची रानं. दोघं भावकीतलेच हायत, एकाशी बांधावरनं बोलणं बंद हाय दोन वर्सं.

---

कृष्णाकाठ

तिघांच्याही रानात खालच्या बाजूला पांढरं दिसत असणार, बघा. पाइप एकट्याच्या रानात गाडून उपयोग नाही. छिद्रांचे पाइप मीटरभर खोल, त्यांचं पाणी मोठ्या पाइपला आणि तो ओढ्याला. ओढ्याला नाही पोचला तर पाणी रानातल्या रानात फिरतं. भाचीला हेही सांगायचं राहिलं होतं: माझ्या कामाचा निम्मा वेळ चौघांना एका बांधावर उभं करण्यात जातो. याचा पेपर परीक्षेत नसतो. एकदा एका गावात बारा खातेदारांच्या सह्यांना चौदा महिने लागले होते, पाइप गाडायला बावीस दिवस.

ज्यांच्याशी बोलणं बंद आहे त्यांनाही खड्डा बघायला बोलवा. तुम्ही नाही तर पोराला पाठवा बोलवायला.

---

सरी_वरंबा

ताई, काल सकाळी खड्डा घेतला. वर काळी माती, मग लई घट्ट, फावडं वाजत होतं. साडेतीन फुटाला बाजूनं पाणी यायला लागलं, तासाभरात वीतभर साठलं. पोरानं आमच्या त्यास्नी बोलावलं हुतं. ते आले, काठावर बसून ऱ्हायले, बोलले न्हाईत. जाताना म्हणले, माझ्या रानात पण एक खणून बघतो.

---

कृष्णाकाठ

खड्डा बुजवू नका. भोवती काट्या लावा, रात्री जनावर पडायला नको. रोज सकाळी एकाच वेळी काठावरून पाण्यापर्यंत टेपनं मोजून पोराला वहीत लिहायला सांगा, त्यांच्या खड्ड्याचंही. रविवारी सकाळी आठला येते, गिरमिट आणि मोजायची नळी घेऊन. भाचीला आणतेय बरोबर. जेवणाचं काही करू नका, फक्त चहा.